नाव घे

वच्छलेनं सासरी पहिली चूक केली ती भर शेतात, बांधावर उभं राहून, सगळ्यांच्या देखत. लपवायला जागाच ठेवली नाही.

श्रावणातले दिवस होते. नांदायला येऊन तिला पुरता पंधरवडाही झाला नव्हता. अकोल्याजवळच्या पिंपळखुट्यात पार्बताबाईंचं घर. सासरे कधीच वारलेले. घरात सासू, तिचा एकुलता एक मुलगा भगवंतराव आणि आता ही सून. त्या दिवशी भगवंतराव शेताच्या दुसऱ्या टोकाला कपाशीत डवरा हाकत होता आणि पार्बताबाई चार बायकांसोबत निंदत होत्या. वच्छला डोक्यावर भाकरीची दुरडी घेऊन बांधावर आली. नवरा लांब दिसला, आणि माहेरी भावाला मारायची तशीच तिनं मोकळ्या गळ्यानं हाक मारली.

"भगवंतराव, भाकर आणली जी!"

तिकडून हसत "ओ" आली. इकडे मात्र बायकांच्या हातातली खुरपी थांबली. शेजारच्या शेतातला माणूस बैल उभे करून बघायला लागला. पार्बताबाई उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि भाकरीला हात न लावता घरी निघून गेल्या.

वच्छलेची आई ती रांगत असतानाच गेली होती. अमरावतीकडच्या त्या घरात बाप पुंजाराम आणि दोन भाऊ, मोठी बाई कोणीच नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये हे तिला ऐकून ठाऊक होतं. जिभेला ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो गुन्हा.

पण इथं मामला दुप्पट होता. भगवंतराव हे नाव आजोबांचं. म्हणजे पार्बताबाईंच्या सासऱ्यांचं. आजा मेला आणि लगेच नातू झाला, म्हणून तेच नाव ठेवलं गेलं. नाव ठेवताना बारशाला आलेल्या सगळ्यांनी ते हौसेनं घेतलं, फक्त आईला घेता आलं नाही. सासऱ्याचं नाव ती कशी घेणार? तिनं पोराला बाळू म्हटलं. मिशा आल्या, खांद्यावर मणाचं ओझं पेलू लागला, तरी तो बाळूच राहिला. गावाचा भगवंतराव, आईचा बाळू. पार्बताबाई इतक्या कडक की देवालाही भगवंत म्हणायच्या नाहीत. भागवताला नुसतं पोथी म्हणायच्या, आणि एकादशीच्या भगरीला उपासाचे दाणे. घरात अशी बाई असताना सुनेनं शेताच्या बांधावरून ते नाव आरोळी ठोकून घेतलं होतं.

पुढचे कितीतरी दिवस पार्बताबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. बोलायचं झालं तर वासराशी बोलायच्या. "वासरा, सांग तिले, दूध उतू जाऊन राह्यलं." वच्छला धावत जाऊन भांडं उतरवायची. "वासरा, मीठ टाकलं का इचार." भगवंतरावाला हसू दाबता यायचं नाही. तो एकदा म्हणाला, "माय, वासरू थकलं आता. त्याले पेंड तरी टाक." त्यावर पार्बताबाईंनी त्याच्याशीही बोलणं सोडलं, आणि वासराचं काम वाढलं.

वच्छलेला हसू यायचं नाही. तिला सासू हवी होती. हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, म्हणून तिनं सांगितलं नाही. पण ज्या पोरीला आई आठवत नाही तिला मोठ्या बाईनं वेणी घालून द्यावी, रागवावं, जवळ बसवावं असं वाटतंच. माहेरून निघताना तिनं मनाशी घोकलं होतं की सासूला जिंकायचं. आणि आल्या आल्या सगळं तिनंच घालवलं होतं. म्हणून तिनं जीभ बांधून घेतली. दळताना माहेरच्या ओवीत भगवंत आला की तिथं ती देवाजी म्हणू लागली. नवऱ्याला बोलवायचं तर बांगड्या वाजवू लागली. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं ठरवूनच टाकलं.

मौनाला फळ आलं. पोळ्याच्या दिवशी पार्बताबाई वासराला सोडून थेट तिच्याशी बोलल्या. "बस, तुही वेणी घालून देतो," म्हणाल्या. केस ओढून घट्ट वेणी घातली, डोळ्यांत पाणी येईल इतकी घट्ट. वच्छला हलली नाही.

वेणी घालता घालता त्यांनी नियम सांगितला. "नाव कधीच घ्याचं नाही असं नाही. उखाण्यात घ्याचं. सणाला, चार बायकायमंधी, कोणी नाव घे म्हटलं तरच. उघडं नाव घेतलं का मानसाचं आयुष्य कमी होते."

"हो, आत्याबाई."

मग त्या वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "संक्रांतीले आपल्या घरी हळदीकुंकू करू. तवा मी तुले नाव घे म्हणन. चांगला उखाणा जुळवून ठेव." आणि मान दुसरीकडे वळवून पुढं म्हणाल्या, "माह्या तोंडून तं त्याचं नाव कधी निंगालं नाही. पोटचा असून. तू घेशील तवा कानानं आयकन म्हणतो."

तेव्हा वच्छलेला कळलं की त्या दिवशी बांधावर सासूला नुसता राग आला नव्हता. सारा जन्म जे नाव त्यांनी गिळून ठेवलं होतं ते कालची आलेली पोर रानात उधळून मोकळी झाली होती. तिला इतकं वाईट वाटलं की ती रात्रभर उखाणाच जुळवत राहिली.

ते दिवस कापसाचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठं भावाभावांत लढाई जुंपली होती म्हणे, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि साहेबाच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली होती. कालपर्यंत ज्यांना कोणी रामराम घालत नव्हतं त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या. अशा वेळी माणसं शहाणी राहिली असती तरच नवल. अमरावतीच्या बाजारात दलालाच्या गळ्यात माल घालण्यापेक्षा खानदेशात आगगाडी जिथवर आली आहे तिथवर स्वतःच गाड्या न्याव्यात, असं तरण्या पोरांच्या डोक्यात भरलं. भगवंतरावही त्यात होता.

दिवाळी झाल्यावर निघताना तो आईच्या पाया पडला. वच्छला दाराआड उभी होती. तिला ऐकू जाईल अशा बेतानं तो आईला म्हणाला, "संक्रांतीच्या आत येतो. कोणाले तरी माहं नाव घ्याचं हाय म्हणते. मी नसलो तं ओ कोण देईन?"

पार्बताबाई हसल्या. सुनेसमोर त्या पहिल्यांदाच हसल्या.

उखाणा तयार होता. दळताना जात्याच्या आवाजाखाली वच्छला तो रोज म्हणून बघायची.

बोंडात मावेना कापूस, घरात मावेना हसू,
भगवंतरावाचं नाव घेते, आत्याबाई, नका रुसू.

शेवटची ओळ सासूला ऐकू जाणार नाही अशा बेतानं. पण एकदा जातं थांबलं आणि ओसरीवरून आवाज आला, "रुसू तं कोण रुसलं वो आता?" वच्छला लाजून अर्धमेली झाली. त्या दोन महिन्यांइतकी सुखात ती कधीच नव्हती, आणि पुढंही राहणार नव्हती.

संक्रांत आठवड्यावर आली. एका संध्याकाळी कुर्बान नावाच्या अनोळखी गाडीवानानं दारात गाडी थांबवली. खाली उतरायलाही तयार नव्हता. "भगवंतरावचं घर हेच ना? माय, तुमचा पोरगा बाळापूरले पडला. परतीच्या गाड्यायमंधी मरी घुसली. नदीवर गाड्या सुटल्या हायेत, तठीच कुठीतरी हाय. लवकर जा." आणि त्यानं बैल हाकले.

घर एका मजलेवर आलं असताना तो पडला होता.

पहाटेच्या आधी सासू-सून निघाल्या. गाडी सालदार सूर्यभान हाकत होता. वाटभर पार्बताबाईंनी सुनेचा हात धरून ठेवला होता. एरवी वच्छला त्यासाठी काय वाटेल ते द्यायला तयार झाली असती.

दुपारी मन नदी आली. साथ म्हणून गाड्यांना पलीकडे सोडत नव्हते. सूर्यभान बैलांपाशी राहिला आणि दोघी पाण्यातून चालत पलीकडे गेल्या. काठावर जुनी सराई होती. आतून कण्हण्याचे आवाज येत होते आणि बाहेर कडुनिंबाचा पाला जाळून धूर केला होता. दारावर सराईचा राखणदार बसला होता. गुलाम नबी त्याचं नाव. दाढी पांढरी, डोळे जागून लाल झालेले.

"अंदर कोणाले सोडाचा हुकूम नाही, बाई," तो म्हणाला. "कोण पाहिजे? नाव सांगा."

पार्बताबाई म्हणाल्या, "माहा पोरगा हाय. बाळू."

"बाळू नावाचं इथी कोणी नाही."

"पिंपळखुट्याचा. तरणा हाय. गोरा, उंच."

"बाई, या बिमारीत गोरा काय न् काळा काय. सारे एकच दिसतात. गाव सांगाची ताकत कोणात नाही, नाव तेवढं सांगतात. बाळू तं कोणीच सांगतलं नाही."

वच्छला दोन पावलं मागं उभी होती, पदर नाकापर्यंत ओढून. तिला कळत होतं. बाळू हे नाव पिंपळखुट्याच्या त्या एका घराबाहेर कोणाला माहीत नाही हे तिला उन्हासारखं स्वच्छ कळत होतं. खरं नाव तिच्या जिभेवर येऊन बसलं होतं. पण हा सण नव्हता, समोर परका पुरुष होता, हातात उखाणा होता तो हसण्याचा होता, आणि समोर सासू उभी होती. उघडं नाव घेतलं तर आयुष्य कमी होतं. आज, इथं, कोण कमी करून घेईल?

तेवढ्यात पार्बताबाईंनी मागं वळून तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, बोलल्या नाहीत. ती नजर वच्छलेला पक्की ओळखीची वाटली. श्रावणात बांधावर पाहिली होती तीच. गप्प राहा, असं ती नजर म्हणाली.

वच्छला गप्प राहिली.

"मंग पुढच्या अमराईत पाहा," गुलाम नबी म्हणाला. "तिकडंबी गाड्या हायेत."

दोघी अमराईत गेल्या. तिथं नव्हता. तिथून वरच्या घाटावर, तिथून मशिदीमागच्या मैदानात. प्रत्येक गाडीखाली वाकून पाहिलं. कुठं माणूस होता, कुठं नुसती वाकळ. ऊन कलायला लागलं तेव्हा एका बाभळीखाली पार्बताबाईंना आपला ढवळ्या दिसला. बैलानं त्यांना ओळखलं आणि मान वर केली. त्यांनी त्याच्या गळ्याला मिठी मारली.

गाडीपाशी बसलेला माणूस म्हणाला, "भगवंतरावची माय का तुमी? तो सराईत हाय ना. सकाळीच ठेवलं आमी त्याले. तुमचीच वाट पाहून राह्यला." आणि त्यानं गाडीतलं एक गाठोडं काढून त्यांच्या हातात दिलं. आत काकणं किणकिणली.

त्या पळत सुटल्या. पार्बताबाईंसारखी वयस्क बाई धावताना पाहून काठावरच्या लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. सराईच्या दारापाशी पोचल्या तेव्हा सूर्य पाण्याला टेकला होता. पार्बताबाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी सुनेचे खांदे धरले आणि तिला पुढं लोटलं.

"नाव घे," त्या म्हणाल्या. "नाव घे, माय माही. नाव घे."

वच्छलेच्या जिभेला नाव घेण्याची एकच वाट शिकवली होती. दुसरी तिची तिनंच बुजवून टाकली होती. त्या धुरात, त्या कण्हण्यात, परक्या म्हाताऱ्यासमोर तिच्या तोंडून जे रोज जात्यावर घोकलं होतं तेच बाहेर पडलं.

"बोंडात मावेना कापूस, घरात मावेना हसू, भगवंतरावाचं नाव घेते..."

पुढचं तिला म्हणता आलं नाही.

गुलाम नबी हसला नाही. "भगवंतराव," तो म्हणाला. "या अल्ला. तो तं दुपारी जिता होता, बाई. तुमी आल्या तवा होता. माय माय करून राह्यला होता. मी त्याले पाणी पाजलं." मग त्यानं नदीकडे हात केला. तिथं पेटत होतं. "आताच नेलं."

दोघी घरी आल्या. दहावं, तेरावं झालं. मधे संक्रांत येऊन गेली, ती शेजारच्या घरांत झाली. वच्छलेच्या कपाळावर काही नव्हतं आणि हातही रिकामे होते. पार्बताबाई आता वासराशीही बोलत नव्हत्या. वच्छलेला वाटलं, त्यांनी आपल्याला मारावं. हाकलून द्यावं. काहीही करावं, पण बोलावं.

एका सकाळी ती जात्यावर बसली आणि हात चालेचनात. पार्बताबाई समोर येऊन बसल्या. जात्याचा खुंटा दोघींनी धरला.

"मी तुह्याकडे पाह्यलं होतं," पार्बताबाई म्हणाल्या. "सराईत."

"मले वाटलं, तुमी गप राह्य म्हणता."

पार्बताबाईंनी नाही म्हणून मान हलवली. "घे म्हणत होती," त्या म्हणाल्या. "माह्यानं होत नाही, तू घे, असं म्हणत होती."

वच्छला पुढं वाकत गेली आणि तिचं कपाळ जात्याच्या दगडाला टेकलं. पार्बताबाईंनी तिचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं. "तुहा दोष नाही. तुले मुकी मीच केली," त्या म्हणाल्या. "बोलती पोरगी आणली होती मी. मीच मुकी केली." आणि मग दोघी रडल्या, पीठ तसंच अर्धवट राहिलं.

त्यानंतर त्या आईलेकींसारख्या राहिल्या. वच्छलेला जे हवं होतं ते सगळं मिळालं. रोज वेणी मिळाली, मांडी मिळाली, आपल्या ताटातला घास मिळाला. ते मिळण्याची ही किंमत आहे हे माहीत असतं तर तिनं जन्मभर वासरामार्फत बोलणं पत्करलं असतं.

माघ सरता सरता पुंजाराम लेकीला न्यायला आला. बाप म्हणून त्याचं चुकत नव्हतं. कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं. पोर सोळाची, अंगावर मूल नाही, पाहिलेलं एक घर तिकडे तयार होतं. तो पार्बताबाईंसमोर हे सगळं चाचरत बोलला. पार्बताबाईंनी ऐकून घेतलं.

"घेऊन जा," त्या म्हणाल्या. "इथी ठेवून काय करू तिचं? दोघी मिळून भिंती पाहू?"

वच्छला म्हणाली, "आत्याबाई, मी नाही जात."

"जाशील. तुह्यं अख्खं वय बाकी हाय." त्यांनी ते गाठोडं आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. आत हिरवी काकणं होती, एकही फुटलेलं नव्हतं. "पाट लागल तवा हेच भरजो. त्यानंच आणले हायेत. दुसरे घेऊ नोको."

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपायच्या आधी पार्बताबाई म्हणाल्या, "जाच्या आगुदर एक काम कर. भाकर टाक आणि दुरडीत भर."

दोघी शेतात गेल्या. शेवटची वेचणी चालू होती, वाळलेल्या पऱ्हाटीवर कुठंकुठं कापूस लोंबत होता. बायका ओटे बांधून वेचत होत्या. पार्बताबाई बांधावर थांबल्या आणि त्यांनी दुरडी स्वतःच्या हातानं वच्छलेच्या डोक्यावर ठेवली.

"नाव घे," त्या म्हणाल्या.

वच्छलेला वाटलं उखाणा. ती म्हणाली, "बोंडात..."

"उखाणा नोको. त्या दिवशी मारली होती तशी हाक मार. मोकळी." "दुसऱ्याच्या घरी गेली का हे नाव तुले घेता येनार नाही. मले तं येतच नाही. मंग त्याले कोण बलावनार?"

वच्छला बांधावर उभी राहिली. पलीकडच्या टोकाकडे पाहून तिनं मोकळ्या गळ्यानं हाक मारली.

"भगवंतराव, भाकर आणली जी!"

वेचणाऱ्या बायकांचे हात थांबले. शेजारच्या शेतातला तोच माणूस उभा राहिला, आणि या वेळी त्यानं डोक्यावरचं पागोटं काढून हातात घेतलं. पलीकडून ओ आली नाही. पार्बताबाई कान देऊन ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलले, पहिलं अक्षर निघालं, आणि पुढं जीभ वळली नाही.

त्या बांधावर खाली बसल्या.

"अजून एकडाव मार," त्या म्हणाल्या. "मंग जाय."